‘निर्जन’ हा शब्द उतरवा : अंदमान प्रदर्शनाच्या सल्लागार समितीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
सल्लागार समिती, अंदमान इतिहास प्रदर्शन

सप्रेम नमस्कार.

प्रदर्शन खुलं होण्याआधी वस्तू देणाऱ्या सगळ्यांना आपण मांडणी पाहायला बोलावलंत, त्याबद्दल आभार. दालनात शिरल्यावर पहिलाच फलक वाचला आणि पाय तिथंच थांबले. ‘१८५८ साली ब्रिटिशांनी या निर्जन बेटांवर कैद्यांची वसाहत वसवली.’ पुढे तिसऱ्या काचपेटीत मी दिलेला तुकडा दिसला. बाटलीच्या बुडाचा, गडद हिरव्या, जवळजवळ काळ्या काचेचा. खाली चिठ्ठी होती : ‘ब्रिटिशकालीन दारूच्या बाटलीचा तुकडा’.

या दोन ओळींबद्दल मी आपल्याला दोनदा लिहिलं. दुसऱ्या पत्राचं उत्तर आलं, की फलक छापून झाले आहेत. शिवाय आदिवासींचा विषय मानववंशशास्त्राचा आहे आणि हे प्रदर्शन इतिहासाचं आहे. हे उत्तर मला मुकाट्यानं मान्य करता येत नाही. ज्यांच्यासाठी हे प्रदर्शन उभं राहतंय त्यांनीही माझं म्हणणं वाचावं, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

तो तुकडा माझ्याकडे कसा आला ते आधी सांगते. वडील बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. त्यांच्या बदलीमुळे माझ्या लहानपणाची चार वर्षं दक्षिण अंदमानात गेली. आमच्या क्वार्टर्सच्या मागे, खाडीच्या कडेला एक टेकाड होतं. वर झाडं वाढली होती, वेली माजल्या होत्या. पण पावसाळ्यात त्याची कड ढासळली की आतून पांढरं दिसायचं. शिंपले, शंख, कालवांची टरफलं, मधूनमधून राखेचे पट्टे, डुकराचे दात, जाडसर खापरांचे तुकडे. मोठी माणसं त्याला उकिरडा म्हणायची. आम्ही पोरं त्यावर घसरगुंडी खेळायचो. नऊ वर्षांची असताना त्या ढासळलेल्या कडेतून मी ही काच उपसून काढली, चिखल धुतला आणि कंपासपेटीत टाकली.

पुढे पुरातत्त्व शिकले. नोकरीची सव्वीस वर्षं उत्खननातून आलेल्या वस्तू धुण्यात, त्यांच्यावर बारीक अक्षरात क्रमांक घालण्यात आणि नोंदवह्या भरण्यात गेली. दगडी हत्यार कसं ओळखायचं हे ज्या दिवशी पहिल्यांदा शिकवलं, त्या संध्याकाळी घरी येऊन मी ती कंपासपेटी शोधून काढली. काच उजेडात धरली. बुडाचा मधला फुगवटा शाबूत होता, पण कडेनं पाच ठिकाणी काचेचे छिलके उडवलेले होते, पाचही एकाच बाजूनं. प्रत्येक खाचेच्या माथ्याशी, जिथं घाव बसला असेल तिथं, एक छोटा खोलगट भाग होता आणि तिथून पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी वलयं पसरली होती. पायाखाली तुडवली गेलेली काच अशी फुटत नाही. तिची कड दोन्ही बाजूंनी, कुठंही, कुरतडल्यासारखी होते. इथं हात ठरवून चालला होता. आमच्या भाषेत याला गाभा म्हणतात; यातून उडवलेले छिलके म्हणजे खरी हत्यारं.

अंदमानात अनेक वर्षं अधिकारी असलेल्या एडवर्ड होरेस मॅन यांनी १८८०च्या दशकात लिहून ठेवलं आहे, की इथले लोक गारगोटीचे आणि काचेचे छिलके डोकं भादरायला आणि अंगावर नक्षीचे वण उठवायला वापरतात, आणि हे छिलके काढण्याचं काम बायकांचं असतं. झरीन कूपर आणि सँड्रा बाऊडलर या पुरातत्त्वज्ञांनी १९९८ मध्ये अंदमान आणि ऑस्ट्रेलिया इथल्या काचेच्या हत्यारांवर मिळून शोधनिबंध लिहिला. हे काही कपाटात दडलेलं गुपित नाही. ज्याला शोधायचं आहे त्याला ते सापडतं.

बाटली ब्रिटिशांची होती, हे खरं. पण ती रिकामी झाली तेव्हा त्यांच्यापुरती तिची गोष्ट संपली. त्यानंतर कुणीतरी ती किनाऱ्यावरून उचलली, बुडाची काच सगळ्यांत जाड असते हे ओळखलं, घाव कुठं घालायचा ते जोखलं आणि गारगोटीवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं कसब या नव्या वस्तूवर चालवलं. आपल्या चिठ्ठीत या सगळ्याला जागा नाही. एका बाईच्या हातची कारागिरी आपण दारूच्या बाटलीच्या खात्यावर जमा केली आहे.

यात माझाही दोष आहे आणि तो इथंच कबूल करते. थरातून उपसलेली वस्तू अर्धी मुकी होते. हा तुकडा टेकाडाच्या कितव्या थरात होता, त्याच्या वर राख होती की खाली, शेजारी काय होतं, हे मला कधीच सांगता येणार नाही. मी लहान होते, पण नुकसान झालं ते झालं. म्हणूनच तो तुकडा आपल्याला देताना सोबत दोन पानांचं टिपण दिलं होतं. त्यातला एकही शब्द चिठ्ठीवर आला नाही, याचं दुःख जास्त आहे.

आता ‘निर्जन’कडे येते.

हा शब्द ब्रिटिशांनीसुद्धा वापरला नव्हता. आर्चिबाल्ड ब्लेअर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १७८९ मध्ये पहिली वसाहत केली ती इथल्या माणसांच्या डोळ्यांदेखत. ती पुढे उत्तर अंदमानात हलवली आणि १७९६ मध्ये गुंडाळली. १८५७च्या उठावानंतर कैद्यांसाठी जागा पाहायला फ्रेडरिक मूआट यांची समिती आली. तिची इथल्या लोकांशी चकमक झाली आणि एका अंदमानी माणसाला पकडून कलकत्त्याला नेलं गेलं. तिथं तो आजारी पडला, तेव्हा त्याला परत आणून सोडलं. मूआट यांनी १८६३ मध्ये जे पुस्तक छापलं त्याच्या नावातच अंदमानवासी आहेत. मार्च १८५८ मध्ये वसाहतीचे पहिले अधीक्षक जे. पी. वॉकर २०० कैद्यांना घेऊन उतरले, तेव्हा समोर कोण आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ज्यांनी ही जमीन घेतली त्यांनीही जे लिहिलं नाही, ते स्वतंत्र भारतातलं एक प्रदर्शन मोठ्या अक्षरात लिहितं आहे.

कागद बाजूला ठेवले तरी जमीन आहेच. फर्डिनांड स्टोलिझ्का या भूशास्त्रज्ञानं अंदमानातल्या शिंपल्यांच्या ढिगाऱ्यांवरचं टिपण १८७० मध्ये एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगालपुढे मांडलं. म्हणजे कैद्यांची वसाहत होऊन पुरती बारा वर्षं झाली होती तेव्हाच हे ढिगारे म्हणजे माणसांच्या मुक्कामाच्या खुणा आहेत, हे छापून आलं होतं. झरीन कूपर यांनी १९८०च्या दशकात दक्षिण अंदमानातल्या चौलदारीचा ढिगारा खणला. त्याच्या तळाचं वय सुमारे २,२०० वर्षं निघालं. आपल्याकडे सातवाहनांचा काळ नुकता उजाडत होता, त्या सुमाराला तिथं माणसं चुलीभोवती बसून शिंपले फोडत होती, आणि त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी त्याच जागी तेच केलं. माझ्या घसरगुंडीचं टेकाड त्याच जातीचं. ज्याला आम्ही उकिरडा म्हणत होतो, ते कित्येक पिढ्यांचं जेवणघर होतं.

‘निर्जन’ हा शब्द वाचून घरी गेलेल्या शाळकरी मुलाला पुढचं काहीच नीट कळणार नाही. एप्रिल आणि मे १८५९ मध्ये वसाहतीवर हल्ले का झाले, त्यांतली ॲबर्डीनची लढाई कुणी कुणाशी केली, हे त्याला कसं सांगणार? निर्जन बेटावर धनुष्यबाण घेऊन कोण आलं?

या हल्ल्यांबद्दलची एक नोंद मला फार महत्त्वाची वाटते, आणि आपल्या प्रदर्शनात तिचा मागमूस नाही. वॉकर यांचे अहवाल पुढे अंदमानात अधिकारी असलेल्या एम. व्ही. पोर्टमन यांनी १८९९च्या ग्रंथात उतरवले आहेत. त्यांत म्हटलं आहे, की एप्रिलच्या हल्ल्यात ज्यांच्या पायात कैदेची कडी होती त्यांना अंदमानी लोकांनी, आडवे आले नाहीत तोवर, हात लावला नाही. राग होता तो पायात कडी नसलेल्यांवर, त्यातही लाल पागोटं आणि पट्टा मिरवणाऱ्या मुकादमांवर. भाषा एकमेकांना कळत नव्हती, ओळख वर्षभराचीच. तरी कोण राबतो आहे आणि कोण राबवून घेतो आहे, हे त्यांनी पायाकडे आणि डोक्याकडे पाहून ओळखलं होतं. आपण दुसऱ्या काचपेटीत पायातली बेडी ठेवली आहे. तिच्यावरची चिठ्ठी फक्त वजन सांगते. ही नोंद त्या बेडीशेजारी असायला हवी होती. मग तीच बेडी दोन गोष्टी सांगू लागली असती.

कुणी असा अर्थ काढू नये, की मला कैद्यांच्या यातना लहान करायच्या आहेत. सेल्युलर जेलमध्ये, सावरकर बंधू जिथं कोंडले गेले त्या कोठड्यांपुढे, माझंही मस्तक झुकतं. पळून जाऊन पुन्हा सापडलेल्या ८६ कैद्यांना याच वॉकरनं फासावर चढवलं. कैदी काही आपल्या मर्जीनं जंगल तोडायला आले नव्हते. दूधनाथ तिवारी हा पळालेला कैदी तर वर्षभर अंदमानी लोकांमध्ये राहिला, त्यांच्यात त्याची लग्नं लागली, आणि शेवटी त्यानंच परत येऊन हल्ल्याची खबर दिली. पुढे पळालेल्या कैद्यांना पकडून आणायला सरकारनं अंदमानी लोकांनाच बक्षिसं लावली. दोन पिचलेल्या माणसांना एकमेकांवर घालण्याचा हा प्रकार किती गुंतागुंतीचा आहे! तो तसाच दाखवा. प्रेक्षकाला तो पेलतो. सेल्युलर जेलचं बांधकाम १८९६ मध्ये सुरू झालं. त्याआधीची अडतीस वर्षं आपल्या मांडणीत एका ओळीत संपतात, आणि त्या ओळीत ‘निर्जन’ आहे.

‘आदिवासींचा विषय इतिहासाचा नाही’ हे आपलं वाक्य मला सगळ्यांत जास्त लागलं. वसाहती आणि मूळ रहिवासी यांच्या गाठीभेटींचं पुरातत्त्व ही आज जगभर स्थिरावलेली शाखा आहे, आणि ती उभी राहिली तीच या समजुतीला उत्तर म्हणून. कागद लिहिणारी बाजू एकच होती. दुसऱ्या बाजूचं म्हणणं ऐकायचं तर जमीन वाचावी लागते.

दोन उदाहरणं देते. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात जोआरा नावाचं मूळ रहिवाशांचं गाव होतं. १५६७ मध्ये हुआन पार्दो या स्पॅनिश कप्तानानं तिथं सान हुआन नावाची गढी उभारली, मोजके सैनिक ठेवले आणि तो पुढे गेला. दीड वर्षाच्या आत गावकऱ्यांनी ती गढी जाळली. त्या मोहिमेतल्या सहाही गढ्यांची गत तीच झाली. जोआराची जागा आज बेरी या नावानं ओळखली जाते; तिथं संशोधकांनी सैनिकांची जळकी घरं खणली, तेव्हा आत खापरं सापडली ती बहुतांश स्थानिक घडणीची. म्हणजे सैनिकांच्या पोटाला गावच घालत होतं, आणि गावानं हात आखडताच गढी टिकली नाही. कागदावर ती स्पेनची गढी होती. जमिनीवर ती जोआराच्या जिवावर उभी होती.

दुसरं कॅलिफोर्नियातलं. रशियन कंपनीनं १८१२ मध्ये फोर्ट रॉस वसवलं आणि अलास्कातून अलुतिक शिकारी कामाला आणले. त्यांनी स्थानिक काशाया पोमो बायकांशी घरं मांडली. पुरातत्त्वज्ञ केंट लाइटफूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किल्ला बाजूला ठेवून ही घरं आणि त्यांच्या दारातला कचरा खणला. समुद्री प्राण्यांची हाडं नवऱ्यांच्या शिकारीची खूण सांगत होती. तापवून तडकलेले चुलीचे दगड आणि झाडलोटीची रीत बायकांच्या माहेरची होती. एका कुटुंबात दोन मुलखांनी कसं जमवून घेतलं हे झाडूनं लोटलेल्या कचऱ्यातून कळलं. रशियन कंपनीच्या हिशेबाच्या वह्यांत हे कुठून असणार?

काचेचंही असंच. ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागात बाटल्यांच्या काचेतून भाल्यांची इतकी सुरेख टोकं घडवली गेली, की ती हातात घेताना माझे श्वास मंदावले होते. तारायंत्राच्या खांबांवरच्या चिनी मातीच्या चिमण्याही (इन्सुलेटर) त्यासाठी वापरल्या गेल्या. ‘याही’ या नावाच्या समाजातला शेवटचा म्हणून ओळखला गेलेला इशी १९११ मध्ये कॅलिफोर्नियात वस्तीला आला, त्याला तिथल्या विद्यापीठाच्या संग्रहालयातच ठेवून घेतलं, आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर बाटलीच्या काचेचे बाण घडवून दाखवी. ते बाण संग्रहालयांत इशीच्या नावानं आहेत. ‘बाटलीचे तुकडे’ म्हणून ते कुणी मांडत नाही.

आपल्या शेवटच्या कोपऱ्याबद्दलही लिहायला हवं. ‘अश्मयुगीन जमाती’ अशी पाटी, खाली पोर्टमन यांनी १८९०च्या दशकात काढलेली छायाचित्रं. ना वर्ष, ना नाव, ना ती कशासाठी काढली याचा उल्लेख. चौकटींच्या पडद्यापुढे माणसाला उभं करायचं ते त्याची मापं काढायला. हे न सांगता ती टांगली, की पाहणाराही मापंच काढत राहतो. आणि अश्मयुगीन कसे? फुटलेल्या जहाजांचं लोखंड किनाऱ्यावरून गोळा करून बाणांची टोकं आणि वाकस घडवायला हे लोक वसाहतीच्या आधीपासून शिकले होते. उत्तर सेंटिनेल बेटाजवळ १९८१ मध्ये ‘प्रिमरोझ’ हे जहाज अडकलं, त्याच्याही लोखंडाचा वापर तिथल्या लोकांनी केला. नवं साहित्य हाती आलं की त्याचं आपल्या कामाचं काही करणं, याला माणसाची अक्कल म्हणतात, मग तो कोणत्याही बेटावरचा असो.

याच कोपऱ्यात ‘काळाच्या ओघात यांची संख्या घटली’ असं वाक्य आहे. काळाच्या ओघात काही झालं नाही. १८६३ मध्ये रॉस बेटावर ‘अंदमान होम’ काढलं गेलं, माणसं वस्तीजवळ आणली गेली, मग उपदंश पसरला आणि १८७७ मध्ये गोवराची साथ आली. वसाहत झाली तेव्हा ग्रेट अंदमानी, म्हणजे अंदमानच्या मुख्य बेटांवरच्या जमाती, काही हजार होते. जनगणनेचे आकडे पुढे सांगतात : १९०१ मध्ये ६२५, १९११ मध्ये ४५५, १९२१ मध्ये २०९, १९३१ मध्ये ९०, आणि १९६१ मध्ये १९. हे आकडे सरकारी आहेत, वादाचे नाहीत. एवढी एक ओळ लावायला कितीशी जागा लागते? आणि त्यापुढे दुसरी ओळ हवी, की ग्रेट अंदमानी आजही आहेत, स्ट्रेट बेटावर आणि शहरातही. त्यांच्याशी बोलावं असं मांडणी करताना आपल्यापैकी कुणाला सुचलं का? मी सभेत विचारलं होतं. उत्तर मिळालं नाही.

नावांचा फलक अभिमानानं लावला आहे. रॉसचं २०१८ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं, पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजयपुरम. पण हा किनारा ज्यांचा होता ते ग्रेट अंदमानींपैकी आका-बेआ लोक आपल्या जागांना काहीतरी म्हणत होतेच की. त्यांची भाषा बोलणारं आज कुणी नाही. तिच्या उत्तरेकडच्या बहिणींमधलं जे उरलं होतं ते भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी बोआ सीनियर आणि इतरांकडून ऐकून टिपलं, कोश केला. बोआ सीनियर २०१० मध्ये गेल्या आणि त्यांच्याबरोबर बो भाषा गेली. परक्या माणसांना आणि भुताखेतांना यांतल्या काही भाषांमध्ये एकच शब्द होता, लाउ. समुद्रातून आलेल्या परक्याला लाउ, बेड्या घालून आणलेल्या आपल्या माणसालाही लाउ. नावांच्या फलकावर हा एक शब्द तरी येऊ द्या. आपण त्यांना काय म्हणत होतो याच्या पाट्या सगळीकडे आहेत.

माझ्या मागण्या लिहिते.

‘निर्जन’ असलेला पहिला फलक उतरवावा. नवा छापायला वेळ लागणार असेल तर त्या शब्दावर कागद चिकटवावा. पण उद्घाटनाच्या दिवशी तो शब्द भिंतीवर नसावा.

शिंपल्यांच्या ढिगाऱ्यांना पहिल्या काचपेटीत जागा द्यावी, चौलदारीच्या काळासह. प्रदर्शनाची सुरुवात १८५८ पासून न होता तिथून व्हावी. हे ढिगारे उकरू नका, त्यातलं काही उचलू नका, अशी सूचनाही तिथंच असावी. माझ्यासारख्या नऊ वर्षांच्या मुली आजही तिथं खेळत असतील.

आदिवासींचा वेगळा कोपरा मोडून त्यातल्या वस्तू आणि माहिती काळाप्रमाणे मुख्य मांडणीत घ्यावी. जनगणनेचे आकडे लावावेत. छायाचित्रं ठेवायची का, ठेवायची तर कशी, हे ग्रेट अंदमानी समाजाला विचारून ठरवावं, आणि ते ‘नको’ म्हणाले तर काढावीत. विचारणं म्हणजे नुसतं कळवणं नव्हे.

अंदमानी माणसांचे सांगाडे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडला गेले. शरीरशास्त्रज्ञ विल्यम फ्लॉवर यांनी १८७९ मध्ये त्यांच्यावर निबंध प्रसिद्ध केला. या बेटांचा इतिहास सांगणाऱ्या प्रदर्शनात याचा उल्लेख असावा. इशी १९१६ मध्ये क्षयानं वारला, तेव्हा त्याचा मेंदू काढून वॉशिंग्टनला पाठवला होता. तो २००० साली त्याच्या नात्यातल्या लोकांच्या हवाली झाला. अशा गोष्टी परत होतात. आधी त्या गेल्या आहेत हे तरी सांगावं लागतं.

समितीत पुरातत्त्वाचा एक आणि अंदमानातल्या मूळ समाजाचा एक प्रतिनिधी घ्यावा, आणि मजकूर त्यांनी वाचल्याशिवाय छापू नये. हे पुढच्या प्रत्येक फिरत्या प्रदर्शनालाही लागू असावं.

राहिला तुकडा. तो मी परत मागणार नाही, कारण तो माझा नाही. पण त्याची चिठ्ठी बदलावी. नवी चिठ्ठी लिहून देते आहे. शब्द जास्त वाटले तर शेवटचं वाक्य सोडून कुठंही काटछाट करावी.

‘काचेचा गाभा. दक्षिण अंदमान, शिंपल्यांच्या ढिगाऱ्यातून. बाटली वसाहतीच्या काळात आलेली. कडेचे पाच छिलके बहुधा अंदमानी स्त्रीनं काढले. अशा छिलक्यांनी डोकं भादरत आणि अंगावर नक्षीचे वण उठवत. एका लहान मुलीनं थरातून ओढून काढल्यामुळे नेमका काळ सांगता येत नाही. हा किनारा आका-बेआ लोकांचा होता.’

आपली,
तुकडा देणारी, निवृत्त पुरातत्त्व-नोंदणी सहायक